एकमताने

"हात वर करायचा, चहा प्यायचा आणि घरी यायचं. मध्ये काही बोलायचं नाही," मा ची म्हणाली. इस्त्री केलेला पांढरा कोट तिनं खुर्चीच्या पाठीवर अडकवला आणि त्याच्या बाह्या उगाचच दोनदा सरळ केल्या.

"मी कधी बोललोय?" ऊ ला ठ्वे लुंगीची गाठ मारत म्हणाले.

"म्हणून तर सांगते. न बोलणारी माणसं एकदा बोलायला लागली की थांबत नाहीत. माझे वडील तसेच गेले."

ऊ ला ठ्वे हसले नाहीत. एरवी सासऱ्यांचा विषय निघाला की ते हसायचे. त्यांनी कोट चढवला, केस पाण्यानं बसवले आणि क्वार्टरच्या पायऱ्या उतरून विद्यापीठाच्या रस्त्याला लागले. मे महिना होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गुलमोहर फुलला होता आणि गेटवर वाळूच्या पोत्यांमागे शिपाई उभे होते. फेब्रुवारीत लष्करानं निवडून आलेलं सरकार उलथवलं, तेव्हापासून ते तिथं होते. त्यातल्या एकानं ऊ ला ठ्वेंच्या पिशवीत डोकावून पाहिलं. आत छत्री होती.

ऊ ला ठ्वे इतिहास शिकवायचे. जवळजवळ सगळं आयुष्य त्यांनी या एकाच विद्यापीठात काढलं होतं. शिकवणं म्हणजे वर्गात जाऊन टिपणं सांगायची. मुलांनी ती उतरवून घ्यायची, पाठ करायची आणि परीक्षेत जशीच्या तशी ओकायची. टिपणं मंत्रालयातून यायची. त्यांत देशाचा इतिहास एकोणीसशे अठ्ठेचाळीस साली, स्वातंत्र्याच्या पहाटे संपायचा. त्यापुढं काय झालं ते प्रत्येकाच्या घरात माहीत होतं, पण ते अभ्यासक्रमात नव्हतं. वर्गात कोणी प्रश्न विचारत नसे. आणि कोणी विचारत नाही, याचं ऊ ला ठ्वेंना मनातून बरंच वाटायचं.

मग निवडणुका झाल्या, सरकार बदललं, आणि काही वर्षांनी विद्यापीठांना आपला कारभार आपणच पाहायची मुभा मिळाली. शिक्षकांनी आपलं मंडळ निवडून द्यायचं, असं ठरलं. मतपेटी कुठून आणणार? रसायनशास्त्राच्या बाईंनी बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा आणला, त्याला वर फट पाडली. ऊ ला ठ्वेंनी चिठ्ठी टाकताना इकडंतिकडं पाहिलं, जणू काही चोरतोय. संध्याकाळी मोजणी झाली तर सगळ्यात जास्त मतं त्यांनाच.

"बिनविषारी म्हणून निवडून आलास," टुन शेन त्यांच्या पाठीत थाप मारून म्हणाला. टुन शेन भौतिकशास्त्राचा. विद्यार्थी असताना दोघं होस्टेलच्या एकाच खोलीत राहायचे, एकाच ताटलीत चहाच्या पानांचं लफे खायचे. "तुझ्यावर राग असलेला माणूस सापडला नाही ना, म्हणून."

ते खरंच होतं. पण बिनविषारी माणसानं ते काम फार मनावर घेतलं. बायकांच्या स्टाफरूमला पाणी येत नव्हतं, तिथं ते नळ दुरुस्त होईपर्यंत रोज जाऊन उभे राहिले. ग्रंथालयातल्या कुलूपबंद कपाटांच्या किल्ल्या त्यांनी मागून मागून आणवल्या. आणि इतिहास अठ्ठेचाळीस सालापुढं शिकवायचा की नाही, यावर मंडळात मतदान झालं तेव्हा बऱ्याच वेळानं का होईना, त्यांचाही हात वर गेला. शिकवायचं ठरलं. आता शिकवणार कोण? विभागात वयानं मोठे तेच.

अठ्ठ्याऐंशी सालच्या उठावावरचा तो तास विभागात अजून लोकांच्या लक्षात होता. त्या साली देशभरातली मुलं रस्त्यावर उतरली आणि मारली गेली. ऊ ला ठ्वे तेव्हा कॉलेजात होते. टिपणं नव्हतीच, म्हणून ते टेबलाला धरून, थांबत थांबत बोलले. शेवटी एका मुलानं, शिक्षकांना सगळेच म्हणत तसं 'सया' म्हणून, विचारलं, "सया, तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"घरात. आईनं दाराला बाहेरून कडी लावली होती."

वर्ग हसला. मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "आणि कडी नसती तर?"

ऊ ला ठ्वेंनी धरलेलं टेबल सोडलं. पंखा घरघरत होता. "मला माहीत नाही," ते म्हणाले. "हे वहीत उतरवून घेऊ नका."

त्या दिवशी जेवताना ते मा चीला म्हणाले, "आज वर्गात 'मला माहीत नाही' म्हणालो."

"त्यात काय सांगायचं?"

"इतकी वर्षं म्हणता येत नव्हतं."

मा चीनं त्यांच्या ताटात आणखी भात वाढला. तिला ते कळलं नाही असं नाही. पण तिच्या बापाला दोन राजवटींनी तुरुंगात घातलं होतं, आणि असल्या आनंदाची तिला भीती वाटायची.

फेब्रुवारीनंतर निम्म्याहून जास्त शिक्षक संपावर गेले. लष्कराच्या हाताखाली शिकवणार नाही, म्हणाले. ऊ ला ठ्वे संपावर गेले नाहीत. रोज विभागात जायचे, रिकाम्या वर्गात बसायचे, खिडक्या उघडायचे, संध्याकाळी लावायचे. संपवाले रस्त्यात भेटले तर दुसरीकडं पाहायचे. त्यांच्याच विभागातली ठिंझा, जिला त्यांनी स्वतः शिकवलं आणि नोकरीला लावताना जिच्यासाठी शब्द टाकला, ती तर सायकलवरून शेजारून जाताना नजरही वळवत नसे. मा ची म्हणायची, "बघू नको म्हणावं. पोट काय ती भरणार आहे?" ऊ ला ठ्वे छत्री उचलून विभागाकडं निघायचे. ते घाबरले होते, आणि आपण घाबरलोय हे त्यांना ठाऊक होतं.

आदल्या दिवशी दुपारी हीच ठिंझा क्वार्टरच्या मागच्या दारानं आली होती. मा ची मासे साफ करत होती, तिनं तिला मोरीपाशीच स्टूल दिलं. पोरगी वाळली होती. गालावरचा थनाख्याचा लेप घामानं ओघळला होता.

"उद्या सभा आहे," ती म्हणाली.

"हो."

"आम्ही आपण होऊन नोकरी सोडली, असा ठराव आहे."

"कानावर आलंय."

"आम्ही नोकरी सोडलेली नाही, सया. आम्ही संपावर आहोत. यात फरक आहे."

"ठिंझा, मी एकटा काय..."

"तुम्ही काय करणार ते विचारायला नाही आले मी." ती उठली. "मत मी तुम्हाला दिलं होतं. तेवढं सांगायला आले."

ऊ ला ठ्वेंना ते माहीत नव्हतं. त्यांना वाटलं होतं, तिचं मत रसायनशास्त्राच्या बाईंना गेलं असणार. दोघी मैत्रिणी होत्या. ती गेल्यावर ते बराच वेळ त्या रिकाम्या स्टुलाकडं पाहत राहिले. शेवटी मा ची म्हणाली, "स्टूल द्या इकडं, मला बसायचंय."

सभेला मंडळातले जेमतेम निम्मे लोक होते. उरलेले संपावर. खुर्चीत टुन शेन होता. आधीच्या कुलगुरूंना पहिल्याच आठवड्यात उचललं होतं आणि त्यांच्या जागी त्याला बसवलं होतं. त्याच्या बाजूला साध्या वेशातला एक मेजर बसला होता आणि मोबाईलवर काहीतरी खेळत होता. सगळ्यांना चहा दिला गेला. खिडकीबाहेर गुलमोहराचा सडा पडला होता आणि तो झाडायला माणूस नव्हता, कारण झाडणाराही संपावर होता.

टुन शेननं ठराव वाचला. फेब्रुवारीपासून गैरहजर असलेल्या शिक्षकांनी स्वेच्छेनं सेवा सोडली आहे असं मंडळ मानतं. खाली नावं. तो नावं भरभर वाचत होता, जणू दमायच्या आत संपवायची होती. ठिंझाचं नाव आलं तेव्हा ऊ ला ठ्वेंनी कप खाली ठेवला.

"ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. कोणी खांद्यापर्यंत, कोणी कानापर्यंत. ऊ ला ठ्वेंचे दोन्ही हात टेबलावर होते. त्यांनी ते मुद्दाम तिथं ठेवलेत की उचलता येत नाहीत, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

"सया ला ठ्वे?" टुन शेन म्हणाला.

"सया, एक विचारायचं होतं."

"विचारा."

"आपल्याला इथं कोणी पाठवलं?"

टुन शेननं मेजरकडं पाहिलं. मेजर खेळत होता. "शिक्षकांनी," तो म्हणाला.

"यातल्या बऱ्याच जणांनी आपल्याला मतं दिली. त्यांनाच आपण शिक्षकांतून काढलं, तर मग आपण कोणाचे?"

मेजरनं मान वर केली. त्यानं ऊ ला ठ्वेंकडं एकदा पाहिलं, आणि त्या पाहण्यात राग नव्हता. एखादं गाव नकाशावर कुठं आहे ते शोधावं, तसं ते होतं.

"म्हणजे तुमचा विरोध आहे?" टुन शेन हळू आवाजात म्हणाला. त्याच्या डोळ्यांत विनवणी होती. नाही म्हण, ला. फक्त नाही म्हण.

"हो," ऊ ला ठ्वे म्हणाले. "तसं लिहून घ्या."

टुन शेननं वहीत काहीतरी लिहिलं. सभा संपली. बाकीचे खाली मान घालून निघाले. ऊ ला ठ्वेंनी चहा पिऊन टाकला, कारण टाकून जाणं बरं दिसलं नसतं.

घरी आल्यावर मा चीनं विचारलं, "केलात हात वर?"

"नाही."

ती बसली. मग उठून ताट वाढलं आणि म्हणाली, "जेवून घ्या." त्यापलीकडं ती काही बोलली नाही, आणि ऊ ला ठ्वेंना त्याचंच जास्त वाईट वाटलं.

पण काही झालं नाही. शिपाई आले नाहीत. तिसऱ्या दिवशी सूचना फलकावर ठराव लागला. ऊ ला ठ्वे चष्मा पुसून तो वाचायला गेले. ठरावाखाली लिहिलं होतं: एकमताने मंजूर.

त्यांनी पुन्हा वाचलं. मग ते टुन शेनच्या खोलीवर गेले. टुन शेननं दार लावून घेतलं.

"बस. तू काय म्हणणार ते मला माहीत आहे."

"मी विरोध केला होता, को टुन."

"त्या मेजरला मी सांगितलं, म्हातारा आहे, प्रश्न विचारायची खोड आहे, हात वर करायचा विसरला. त्याला पटलं. तुला कळतंय का मी काय केलंय? आत्ता तू तुझ्या घरात झोपतोयस, ते त्या एका शब्दामुळं."

"तो शब्द खोटा आहे."

"इथं खरं काय आहे? सांग ना. ही खुर्ची खरी आहे? उद्या मी नाही म्हटलं तर परवा कोणी दुसरा बसेल, आणि तो तुझ्यासाठी एवढंसुद्धा करणार नाही." टुन शेन दाराकडं गेला. "घरी जा, ला. मा चीचा विचार कर. निवृत्तीला किती दिवस राहिलेत?"

ऊ ला ठ्वे घरी गेले. मा चीचा विचार त्यांनी केला. दोन दिवस ते तोच विचार करत होते. बाजारात संपवाल्यांपैकी एकजण त्यांच्यासमोरच थुंकला. त्या माणसाचं चुकलं नव्हतं. त्यानं जे वाचलं होतं, त्यावरून तो बरोबरच होता. ठिंझा शहर सोडून गेल्याचं कळलं. कुठं, ते कोणी सांगेना, पण त्या दिवसांत तरुण पोरं लष्कराशी लढायला डोंगरांत जायची, हे सगळ्यांना माहीत होतं. जाताना तिनंही तो फलक वाचला असणार.

रविवारी सकाळी ते मा चीला म्हणाले, "मी जरा विभागात जाऊन येतो."

"आज सुट्टी आहे."

"हो."

ती दारात उभी राहिली. तिनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. मग आत जाऊन तिनं त्यांची जाड लुंगी, अंगावर घ्यायची शाल आणि दम्याच्या गोळ्या एका पिशवीत भरल्या आणि ती पिशवी त्यांच्या हातात दिली.

"कडी लावू का बाहेरून?" तिनं विचारलं.

"लावतेस?"

"नाही."

सूचना फलकावर, ठरावाच्या शेजारी, ऊ ला ठ्वेंनी एक कागद टाचला. टिपणं सांगून सांगून त्यांचं अक्षर छापल्यासारखं झालं होतं. कागदावर एवढंच होतं: हा ठराव एकमतानं झालेला नाही. मी विरोधात होतो. ला ठ्वे, शिक्षकांनी निवडून दिलेला प्रतिनिधी. मग ते बाजूच्या कट्ट्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसले. कागद दुपारपर्यंत राहिला. तेवढ्यात कोणीतरी त्याचा मोबाईलवर फोटो काढला आणि संध्याकाळपर्यंत तो कुठल्या कुठं पोचला. तोवर ऊ ला ठ्वेंना जीपमध्ये घालून नेलेलं होतं.

पावसाळा त्यांनी तुरुंगात काढला, आणि त्यापुढचा हिवाळाही. तिथं त्यांना काय झालं ते त्यांनी मा चीलाही नीट सांगितलं नाही. बाहेर आले तेव्हा डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं आणि ते भिंतीला पाठ लावल्याशिवाय बसत नव्हते. क्वार्टर गेलं होतं. मा ची मेइत्तिलाला बहिणीकडं राहत होती आणि बहिणीच्या अंगणात सकाळी मोहिंगा विकत होती. माशाचा रस्सा ती पहाटे चढवायची, ऊ ला ठ्वे केळीचं खोड चिरून द्यायचे, शेवया वाडग्यांत घालायचे. चार टेबलं होती. गिऱ्हाईक त्यांना 'सया' म्हणायचं, कारण मा ची म्हणायची. ते कशाचे सया, हे कोणी विचारलं नाही.

गावाबाहेर विमानतळ होता, लष्कराचा. सकाळी विमानं उडायची ती डोक्यावरूनच, उत्तर-पश्चिमेकडं, डोंगरांतल्या गावांवर बॉम्ब टाकायला. विमान गेलं की वाडग्यांतला रस्सा थरथरायचा आणि गिऱ्हाईकं खायची थांबायची. ऊ ला ठ्वेंना एका कानानं ते उशिरा कळायचं. मग तेही हातातलं काम थांबवायचे.

सुटल्यानंतर दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात एका सकाळी अंगणासमोर काळ्या काचांची गाडी थांबली. टुन शेन उतरला. टोपी, मास्क, साधा शर्ट. मास्क काढून तो कोपऱ्यातल्या टेबलाशी बसला तेव्हा मा चीनं त्याला ओळखलं. तिनं त्याच्यासमोर वाडगा ठेवला आणि लगेच चुलीकडं वळली.

"कसा आहेस?" टुन शेन म्हणाला.

"या बाजूनं बोल. त्या कानानं ऐकू येत नाही."

टुन शेन जागा बदलून बसला. तो जाड झाला होता आणि त्याचा चेहरा सुजल्यासारखा दिसत होता. बराच वेळ तो शेवया नुसत्याच चमच्यानं फिरवत राहिला.

"वर्ग सुरू झालेत," तो म्हणाला. "मुलं फार नाहीत. येतात थोडी. तुझ्या विभागात कोणीच उरलेलं नाही."

"मग शिकवतं कोण?"

"प्राणिशास्त्राची एक नवी मुलगी आहे. तुझी जुनी टिपणं सापडली कपाटात. ती वाचून दाखवते. मुलं उतरवून घेतात."

"अठ्ठेचाळीसपर्यंत?"

"अठ्ठेचाळीसपर्यंत."

ऊ ला ठ्वेंनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांसमोर तो वर्ग आला, आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी आवाजात बोलली जाणारी त्यांची वाक्यं.

"माफीनामा लिहून दिला तर परत घेतात," टुन शेन म्हणाला. "मी बोललोय वर. चार ओळी आहेत. तुझी सही पाहिजे."

"नको."

"विचार तरी कर."

"विचार केला, को टुन. तुरुंगात दुसरं काही करायला नव्हतंच."

"मी तुला वाचवलं होतं," टुन शेन म्हणाला. "तू एका शब्दासाठी... त्यानं एक तरी माणूस परत आला का? एकाची तरी नोकरी वाचली?"

"नाही."

"मग?"

"त्यांना कळलं," ऊ ला ठ्वे म्हणाले. "मतं दिली होती त्यांनी मला. ती कुठं गेली, ते त्यांना कळायला हवं होतं. एवढंच."

वरून विमान गेलं. टुन शेननं खांदे आवळून मान खाली घातली. आवाज विरला तरी त्यानं ती लगेच वर केली नाही.

"ठिंझाचं काही कळलं?" त्यानं विचारलं.

"कोण विचारतंय?"

"मी. मीच विचारतोय, ला. तिला मीही ओळखतो, पहिल्या वर्षापासून."

"गेल्या पावसाळ्याआधी निरोप आला होता. डोंगरात मुलांना शिकवते म्हणाली. झाडाखाली. त्यानंतर काही नाही."

टुन शेन उठला. मा चीकडं पाहून त्यानं मान लववली. तिनं थोडं थांबून, उलटून मान लववली. ऊ ला ठ्वे त्याला सोडायला रस्त्यापर्यंत गेले.

"रस्ता बरा आहे का आता?" त्यांनी विचारलं.

"गेल्या महिन्यात शेजारच्या कॉलेजच्या प्राचार्यांना गाडीतच गोळ्या घातल्या. आपल्याच पोरांनी." टुन शेननं मास्क चढवला. "काळजी घे."

"तूही."

ड्रायव्हरनं मागचं दार उघडलं. टुन शेन आत शिरला, टोपी काढून पोटाशी धरली, गुडघे मुडपले आणि सीटवर आडवा झाला. ड्रायव्हरनं त्याच्या अंगावर एक मळकी चादर ओढली आणि वर दोन रिकामी पोती टाकली. हे त्यानं सवयीनं, भराभर केलं. मग गाडी सुरू झाली.

मा ची फडक्याला हात पुसत रस्त्यावर आली. "गेला? गाडीत तर कोणी दिसत नाही."

"आहे," ऊ ला ठ्वे म्हणाले. "निजलाय."

गाडी तळ्याच्या वळणापलीकडं जाईपर्यंत दोघं रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.